शंभर गुणांचा तक्ता आणि त्यातले रिकामे रकाने

बास्केटबॉलच्या व्यावसायिक सामन्यात कोणत्या खेळाडूने काय केले हे ओळी-रकान्यांत मांडणाऱ्या तक्त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. त्याची मांडणी साधी असते. प्रत्येक खेळाडूला एक ओळ मिळते आणि त्या ओळीत तो किती मिनिटे कोर्टवर होता, त्याने किती शॉट मारले व त्यांपैकी किती पडले, प्रतिस्पर्ध्याच्या फाऊलमुळे मिळणाऱ्या मोकळ्या शॉटांपैकी, म्हणजे फ्री थ्रोंपैकी, किती साधले, रिंगवरून किंवा बोर्डावरून परतलेला चेंडू किती वेळा पकडला, म्हणजे किती रिबाउंड घेतले, ज्यावर लगेच बास्केट झाली असे किती पास, म्हणजे असिस्ट, दिले आणि शेवटी त्याच्या नावावर किती फाऊल व किती गुण लागले, एवढे आकडे येतात. क्रिकेटच्या धावफलकावर वाढलेल्या मराठी वाचकाला हा तक्ता ओळखीचा वाटतो, परंतु ती ओळख काहीशी फसवी आहे. क्रिकेटमधल्या प्रत्येक चेंडूला एक गोलंदाज आणि एक फलंदाज असतो, त्यामुळे घटना सुटी करून कुणाच्या तरी नावावर मांडता येते. बास्केटबॉलमध्ये मात्र दहा खेळाडू एकाच वेळी हलत असतात, चेंडू एकाच्या हाती असताना उरलेले नऊ जण काय करतात यावर त्या चेंडूचे भवितव्य ठरते, आणि तक्त्यात नाव लागते ते त्या दहांपैकी एका-दोघांचेच. म्हणून हा तक्ता वाचताना त्यात काय लिहिले आहे याइतकेच, काय लिहिण्याची सोय त्या काळी केलेली होती हेही पाहावे लागते.

या दृष्टीने वाचण्यासारखा सर्वांत समृद्ध तक्ता २ मार्च १९६२ या दिवसाचा आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या, चॉकलेटच्या कारखान्याभोवती वसलेल्या गावी, आइस हॉकीसाठी १९३६ मध्ये बांधलेल्या बंदिस्त क्रीडागृहात त्या रात्री फिलाडेल्फिया वॉरियर्स आणि न्यूयॉर्क निक्स या संघांचा नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचा, म्हणजे एनबीएचा, साखळी सामना झाला. प्रेक्षकांची नोंद ४,१२४ इतकी आहे. सामन्याचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण नव्हते, त्याची चित्रफीत अस्तित्वात नाही आणि रेडिओवरील समालोचनातून ऐकायला उरला आहे तो चौथ्या क्वार्टरचा, म्हणजे सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशाचा, भाग. एका खेळाडूने एकट्याने शंभर गुण केल्याची एनबीएच्या इतिहासातील ही एकमेव रात्र असूनही तिचा जवळजवळ पूर्ण असा साक्षीदार एकच आहे, आणि तो म्हणजे स्कोअररच्या टेबलावर बसून भरलेला कागद. तो भरणारे हार्वी पोलॅक हे वॉरियर्सचे सांख्यिकीकार होते. त्याच रात्री ते संघाचे प्रसिद्धीप्रमुख म्हणून आणि वृत्तपत्र व वृत्तसंस्थांचे बातमीदार म्हणूनही काम करत होते. सामना संपल्यावर, शंभर गुण करणाऱ्या वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेनच्या हातात १०० असे लिहिलेला जो कागद छायाचित्रात दिसतो, त्यावरचा आकडाही पोलॅक यांनीच लिहिलेला आहे. एनबीएच्या १९४६ च्या पहिल्या हंगामापासून २०१५ मध्ये निधन होईपर्यंत हा माणूस या खेळाचे आकडे मांडत राहिला, आणि या खेळाच्या इतिहासकारांवर त्याचे जेवढे ऋण आहे तेवढे फार थोड्या खेळाडूंचे असेल.

विल्ट चेंबरलेनची त्या रात्रीची ओळ अशी आहे: ४८ मिनिटे, ६३ पैकी ३६ शॉट, ३२ पैकी २८ फ्री थ्रो, २५ रिबाउंड, २ असिस्ट, १०० गुण. एनबीएमध्ये त्या काळी तीन गुणांची बास्केट नव्हती, त्यामुळे हिशेब सरळ आहे. ३६ बास्केटचे ७२ गुण आणि फ्री थ्रोचे २८. सात फुटांहून उंच असलेल्या या सेंटरच्या, म्हणजे बास्केटच्या अगदी जवळ राहून खेळणाऱ्या खेळाडूच्या, ताकदीची साक्ष म्हणून ३६ बास्केटकडे सर्वांचे लक्ष जाते. तथापि तक्त्यातला खरा चकित करणारा आकडा फ्री थ्रोच्या रकान्यात आहे. कोणीही आडवे येत नसताना पंधरा फुटांवरून मारायचा हा शॉट चेंबरलेनचा आयुष्यभराचा दुबळा भाग होता आणि त्या हंगामात तो दोन्ही हातांनी खालून चेंडू उडवण्याची पद्धत वापरत होता. १९६१-६२ च्या पूर्ण हंगामात त्याने १,३६३ फ्री थ्रो घेतले आणि त्यांपैकी ८३५ साधले, म्हणजे शंभरात एकसष्ट. याच प्रमाणात हर्शीला फ्री थ्रो पडले असते तर ३२ पैकी १९ किंवा २० साधले असते आणि बाकी सर्व तसेच राहूनही एकूण गुण एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या पुढे गेले नसते. म्हणजे ज्या विक्रमाला सगळे जग उंची आणि बळाचा विक्रम समजते, त्याची शेवटची आठ-नऊ पायऱ्यांची चढण या बलदंड खेळाडूने त्याला एरवी न साधणाऱ्या, नाजूक हाताच्या कामावर पार केली, हे कोणत्याही आठवणीतून न कळणारे सत्य त्या एका रकान्यातून कळते.

क्वार्टरनिहाय फोड पाहिली की सामन्याचा ओघही दिसू लागतो. एनबीएचा सामना बारा मिनिटांच्या चार भागांत खेळला जातो. त्या चार भागांत चेंबरलेनने अनुक्रमे २३, १८, २८ आणि ३१ गुण केले, तर वॉरियर्सने ४२, ३७, ४६ आणि ४४. पहिल्या क्वार्टरमध्ये संघाच्या गुणांपैकी निम्म्याहून थोडे अधिक त्याचे होते, दुसऱ्यात ते निम्म्याखाली आले, आणि चौथ्यात मात्र ४४ पैकी ३१ त्याचे व उरलेल्या सर्वांचे मिळून अवघे १३. सामना जिंकण्याचा प्रश्न तोवर जवळपास मिटला होता, कारण तिसरा क्वार्टर संपला तेव्हा वॉरियर्स १२५-१०६ असे पुढे होते. पुढची बारा मिनिटे दोन्ही संघ एका आकड्यासाठी किंवा त्या आकड्याविरुद्ध खेळत होते. निवेदक डेव्ह झिंकॉफ प्रत्येक बास्केटनंतर चेंबरलेनचे एकूण गुण ध्वनिक्षेपकावरून सांगत होते. शंभराचा बळी होण्याची निक्सची तयारी नव्हती, म्हणून चेंडू त्याच्याकडे पोचण्याआधीच ते वॉरियर्सच्या दुसऱ्या खेळाडूंना मुद्दाम फाऊल करू लागले. उलट बाजूने चेंडू लवकर परत मिळावा म्हणून वॉरियर्सही निक्सना फाऊल करू लागले. या विचित्र अखेरीचा माग तक्त्यात आजही लागतो. वॉरियर्सचा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून डाव मांडणारा खेळाडू, गाय रॉजर्स याच्या ओळीत संपूर्ण सामन्यात फक्त चार शॉट आहेत आणि फ्री थ्रो मात्र बारा. ज्याने बास्केटकडे चारदाच पाहिले त्याला बारा वेळा रेषेवर उभे राहावे लागले, याचे कारण या फाऊलांच्या युद्धातच शोधावे लागते.

या रॉजर्सची ओळ चेंबरलेनच्या ओळीइतकीच बारकाईने वाचायला हवी. त्यात ११ गुण आणि २० असिस्ट आहेत. बास्केटजवळ उभ्या असलेल्या सेंटरपर्यंत चेंडू नेमक्या क्षणी आणि नेमक्या उंचीवर पोचवल्याखेरीज त्याला गुण करता येत नाहीत, त्यामुळे त्या शंभर गुणांचा मोठा वाटा रॉजर्सच्या हातातून गेलेला असणार. पण त्या वीस पासांपैकी किती चेंबरलेनला होते आणि किती इतरांना, हे तक्ता सांगत नाही, कारण असिस्टच्या रकान्यात देणाऱ्याचे नाव लागते, घेणाऱ्याचे नाही. शंभरावा गुण पुरा करणारी बास्केट सामना संपायला ४६ सेकंद असताना झाली, आणि तिच्यासाठीचा पास जो रुक्लिक या राखीव खेळाडूचा होता. त्याच्या ओळीत आठ मिनिटे, न पडलेला एक शॉट, न साधलेले दोन फ्री थ्रो आणि तो एक असिस्ट आहे. अल अॅटल्स या दुसऱ्या गार्डने ८ पैकी ८ शॉट आणि १ पैकी १ फ्री थ्रो साधून १७ गुण केले. बचावासाठी ओळखल्या जाणाऱ्या आणि पुढे प्रशिक्षक म्हणून याच संघाला १९७५ चे अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या या खेळाडूचा त्या रात्री एकही नेम चुकला नाही, आणि ती निर्दोष ओळ वाचायला मात्र त्या पानावर कुणाची नजर खाली सरकत नाही.

हरलेल्या संघाच्या ओळीही अशाच दुर्लक्षित राहिल्या आहेत. निक्सच्या रिची ग्वेरिनने ३९, क्लीव्हलंड बकनरने ३३ आणि विली नॉल्सने ३१ गुण केले. एका संघातल्या तिघांनी तिशी ओलांडूनही तो संघ १६९-१४७ असा हरला. डॅरल इमहॉफ या त्यांच्या सेंटरची ओळ वीस मिनिटांवर थांबते, कारण चेंबरलेनला अडवताना सहा फाऊल भरून तो बाद झाला. संघाचा नेहमीचा सेंटर फिल जॉर्डन आजारी असल्याचे कारण देऊन त्या रात्री खेळलाच नव्हता, आणि न खेळलेल्या माणसाला तक्त्यात ओळ नसते. वास्तविक शंभराच्या आकड्यामागे सर्वांत मोठी जागा या अनुपस्थितीची असू शकते, परंतु तिची नोंद करायला रकाना नाही.

तक्त्यात नसलेला आणि तरीही त्यातूनच काढता येणारा एक आकडा मात्र आहे. खेळाडू कोर्टवर असताना त्याच्या संघाने केलेल्या गुणांतून त्याच काळात प्रतिस्पर्ध्याने केलेले गुण वजा केले की जे उरते त्याला प्लस-मायनस म्हणतात. ते काढण्यासाठी कोण केव्हा आत आला आणि बाहेर गेला याची क्षणाक्षणाची नोंद लागते, आणि १९६२ ची तशी नोंद उपलब्ध नाही. तथापि वॉरियर्सचे दोन खेळाडू पूर्ण ४८ मिनिटे खेळले, त्यामुळे त्यांचे प्लस-मायनस म्हणजे सामन्यातला फरकच, अधिक २२. ते दोघे म्हणजे चेंबरलेन आणि रॉजर्स. गुणांच्या रकान्यात एक १०० वर आहे आणि दुसरा ११ वर. संघाला मिळालेल्या आघाडीच्या हिशेबात मात्र दोघे एकाच पायरीवर उभे आहेत. याचा अर्थ दोघांचे कर्तृत्व सारखे होते असा काढणे भाबडेपणाचे होईल, कारण दोघेही सतत एकत्रच खेळल्याने हा आकडा त्यांना एकमेकांपासून वेगळे करू शकत नाही. पण कोणता रकाना आधी वाचायचा हे ठरवताना कथाच बदलते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

चेंबरलेनवरचा सर्वांत मोठा अन्याय त्याच्या गुणांच्या रकान्यात नसून एका अस्तित्वात नसलेल्या रकान्यात आहे. प्रतिस्पर्ध्याचा शॉट हवेतच अडवणे, म्हणजे ब्लॉक, आणि त्याच्या ताब्यातला चेंडू हिसकावणे, म्हणजे स्टील, या दोन्ही गोष्टी एनबीए १९७३-७४ च्या हंगामापासून अधिकृतपणे मोजू लागली. आक्रमणात घेतलेले रिबाउंड आणि बचावात घेतलेले रिबाउंड वेगळे मांडायलाही त्याच हंगामापासून सुरुवात झाली, तर चेंडू गमावण्याची, म्हणजे टर्नओव्हरची, वैयक्तिक नोंद १९७७-७८ पासून ठेवली जाऊ लागली. चेंबरलेनचा एनबीएतील शेवटचा हंगाम १९७२-७३ चा. बॉस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल तर १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. शॉट अडवण्याच्या कलेत ज्या दोघांची बरोबरी कुणी केली नाही असे त्यांचे समकालीन सांगत आले, त्या दोघांच्याही नावापुढे अधिकृत इतिहासात एकही ब्लॉक नाही. एका सामन्यातील ब्लॉकचा विक्रम आजही एल्मोर स्मिथ या लॉस एंजेलिस लेकर्सच्या सेंटरच्या नावावर आहे; २८ ऑक्टोबर १९७३ रोजी, म्हणजे मोजणी सुरू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात, त्याने १७ ब्लॉक केले. ज्या विक्रमाला पन्नास वर्षांत कोणी हात लावू शकले नाही तो मोजणीच्या पहिल्या महिन्यातच व्हावा, यावरून त्याआधीच्या सत्तावीस हंगामांत काय काय मोजायचे राहून गेले असेल याचा अंदाज करता येतो. स्मिथची कामगिरी यामुळे लहान होत नाही. मात्र विक्रमांची यादी ही खेळाच्या इतिहासाइतकीच मोजणीच्या इतिहासाचीही यादी असते, हे विसरून जुन्या आणि नव्या खेळाडूंची तुलना करणारे आज पुष्कळ आहेत.

मोजणीने खेळ टिपला तसा वेळप्रसंगी तो घडवलाही. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिॲपोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले; ४८ मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून ३७ गुण केले आणि लेकर्सच्या १८ पैकी १५ एकट्या जॉर्ज मायकनचे होते. आघाडी मिळाली की चेंडू नुसता ताब्यात ठेवून वेळ काढायचा, हे त्या काळी नियमबाह्य नव्हते आणि त्याने प्रेक्षक कंटाळू लागले होते. सिरॅक्यूज नॅशनल्स संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी त्यावर उपाय शोधला तो जुन्या तक्त्यांतून. जे सामने रंगले त्यांत प्रत्येक संघ साधारण साठ शॉट मारतो असे त्यांना दिसले. दोन्ही संघांचे मिळून १२०, आणि सामन्याचे एकूण सेकंद २,८८०. भागाकार २४. चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत शॉट मारलाच पाहिजे हा नियम १९५४-५५ च्या हंगामापासून लागू झाला, आणि संघाची सामन्यामागची सरासरी एका वर्षात ७९.५ वरून ९३.१ गुणांवर गेली. चेंबरलेनच्या त्या हंगामापर्यंत ती ११८.८ झाली होती. हर्शीच्या सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २३३ शॉट मारले. आजच्या एनबीएत एक संघ सामन्यात सुमारे ९० शॉट मारतो. तेव्हा शंभर गुणांमागे त्या काळाचा वेगही होता, आणि त्या वेगाच्या मुळाशी कागदावरचा एक भागाकार होता.

१९६१-६२ च्या हंगामाचे आकडे डोळे दिपवणारे आहेत. चेंबरलेनची सामन्यामागची सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड इतकी होती. सामना ४८ मिनिटांचा असताना त्याची खेळण्याची सरासरी ४८.५ मिनिटे भरली, कारण बरोबरी सुटेपर्यंत खेळवल्या जाणाऱ्या जादा वेळेतही तो बाहेर आला नाही. त्याच हंगामात सिनसिनाटी रॉयल्सच्या ऑस्कर रॉबर्टसनने ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट अशी तिन्ही रकान्यांत दोन अंकी सरासरी राखली. असे असताना हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार सामन्यामागे १८.९ गुण करणाऱ्या बिल रसेलला मिळाला. त्या काळी हा पुरस्कार पत्रकारांच्या नव्हे, तर खेळाडूंच्याच मतांनी दिला जात असे, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. ज्यांना रसेलसमोर उभे राहून शॉट मारावे लागत होते, आणि ज्यांचे कित्येक शॉट केवळ तो जवळ आहे म्हणून मारायचेच राहून जात होते, त्यांनी रकान्यांत न मावणाऱ्या कामाला मत दिले. त्या वर्षीची पूर्व विभागाची अंतिम मालिका सात सामन्यांपर्यंत गेली आणि शेवटचा सामना सेल्टिक्सने वॉरियर्सविरुद्ध १०९-१०७ असा दोन गुणांनी जिंकला.

आकडे आपल्याकडे पाहत आहेत याची जाणीव झाली की खेळाडूचे वागणे बदलते, याचेही दाखले या इतिहासात आहेत आणि ते सगळेच वाईट नाहीत. स्वार्थी खेळाचा आरोप झाल्यावर चेंबरलेनने १९६७-६८ मध्ये पास देण्याचाच ध्यास घेतला आणि ७०२ असिस्ट देऊन लीगमध्ये एकूण संख्येत पहिला आला. एखाद्या सेंटरने हे करावे ही अपूर्व गोष्ट होती. उलट १६ मार्च २००३ रोजी क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सच्या रिकी डेव्हिसला गुण आणि असिस्ट दोन अंकी झाल्यावर दहाव्या रिबाउंडची उणीव राहिली, तेव्हा त्याने सामन्याच्या शेवटी स्वतःच्याच संघाने राखायच्या बास्केटकडे चेंडू मारून तो परत पकडला. लीगने तो रिबाउंड मान्य केला नाही.

मोजणाऱ्याचा विवेकही येथे लक्षात घ्यावा लागतो. गुण, फ्री थ्रो आणि मिनिटे यांबाबत वाद होण्यास जागा नसते, पण असिस्ट हा निवाडा आहे. पास मिळाल्यावर खेळाडूने एकदा चेंडू आपटला आणि मग बास्केट केली, तर ती पासामुळे झाली की त्याच्या स्वतःच्या चालीमुळे, हे टेबलावरच्या माणसाने क्षणात ठरवायचे असते, आणि ही माणसे यजमान संघाने नेमलेली असतात. आज लीगचे कार्यालय चित्रफितीवरून आकडे तपासते आणि क्वचित बदलतेही. १९६२ मध्ये तशी सोय नव्हती. म्हणून जुन्या असिस्टकडे संशयाने नव्हे, पण सावधपणे पाहावे, कारण त्यात खेळाडूच्या कौशल्यासोबत मोजणाऱ्याची समजही मिसळलेली असते.

गेल्या पाव शतकात या तक्त्याच्या वाचनाची एक शिस्तच तयार झाली. डीन ऑलिव्हर यांच्या २००४ मधील पुस्तकाने सामना मिनिटांऐवजी ताब्यांच्या एककात मोजण्याची पद्धत रूढ केली. ताबा म्हणजे चेंडू एका संघाकडे आल्यापासून तो दुसऱ्याकडे जाईपर्यंतचा काळ. दोन्ही संघांना ताबे जवळजवळ समान मिळतात, म्हणून प्रत्येक ताब्यामागे किती गुण केले हाच खरा प्रश्न, हे त्यामागचे तत्त्व आहे. ताब्यांची संख्या काढताना मारलेले शॉट आणि टर्नओव्हर मिळवायचे, आक्रमणातले रिबाउंड वजा करायचे आणि फ्री थ्रोंच्या संख्येला ०.४४ ने गुणून ती मिळवायची, असा हिशेब असतो. प्रत्येक फ्री थ्रोने ताबा संपत नाही, म्हणून ते पूर्ण धरत नाहीत. हर्शीच्या तक्त्याला हे सूत्र लावताच येत नाही, कारण त्यातले दोन रकाने तेव्हा नव्हते. मात्र खेळाडूने वापरलेल्या संधींपैकी किती गुणांत उतरवल्या हे त्याच ०.४४ च्या आधारे काढता येते. चेंबरलेनची त्या रात्रीची परिणामकारकता सुमारे ६५ टक्के भरते आणि त्याच्या त्या हंगामाची सुमारे ५४. लेकर्सच्या कोबी ब्रायंटने २२ जानेवारी २००६ रोजी टोरांटोविरुद्ध ८१ गुण केले, त्यात ४६ पैकी २८ शॉट, त्यांपैकी सात तीन गुणांचे, आणि २० पैकी १८ फ्री थ्रो होते; त्याची परिणामकारकता सुमारे ७४ टक्के येते. फ्री थ्रोचे नियम दोन्ही काळांत वेगळे असल्याने ही तुलना ढोबळच राहते, तरीसुद्धा तेव्हा संख्येने दुसरा ठरलेला हा डाव काटकसरीच्या दृष्टीने पहिल्याहून सरस होता, हे अमान्य करता येत नाही.

तीन गुणांची बास्केट एनबीएत १९७९-८० मध्ये आली. त्या हंगामात प्रत्येक संघ सामन्यामागे सरासरी तीनहून कमी असे शॉट मारत असे. २०२३-२४ मध्ये ही सरासरी ३५ च्या घरात होती. कारण शाळकरी गणिताचे आहे: शंभरात चाळीस पडणारा लांबचा दोन गुणांचा शॉट ऐंशी गुण देतो आणि शंभरात छत्तीस पडणारा तीन गुणांचा शॉट एकशे आठ. ह्यूस्टन रॉकेट्सने हे गणित सर्वांत निष्ठेने पाळले. त्याच संघाने २८ मे २०१८ रोजी विभागीय अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात तीन गुणांचे ४४ पैकी ७ शॉट साधले, त्यांत ओळीने २७ चुकवले, आणि मध्यंतराला ११ गुणांची आघाडी असूनही सामना १०१-९२ असा गमावला. गणित चुकीचे होते असे यावरून ठरत नाही. सरासरी शेकडो सामन्यांत खरी ठरते आणि सातवा सामना एकच असतो. याच संघाच्या शेन बॅटियरवर मायकल लुईस यांनी २००९ मध्ये लिहिलेला दीर्घ लेख गाजला, कारण ज्याच्या ओळीत काहीच डोळ्यांत भरत नसे तो कोर्टवर असताना त्याचा संघ मात्र चांगला खेळत असे. तो प्रतिस्पर्ध्याला त्याच्या नावडत्या जागेवरून शॉट घ्यायला भाग पाडत असे. या कामाला रकाना मिळायला २०१३-१४ चा हंगाम उजाडावा लागला. त्या वर्षी प्रत्येक क्रीडागृहाच्या छताला सहा कॅमेरे लागले आणि ते दहाही खेळाडूंची व चेंडूची जागा सेकंदाला पंचवीस वेळा टिपू लागले. शॉट घेताना सर्वांत जवळ कोण होता आणि किती फुटांवर, हे त्यानंतर सर्व सामन्यांसाठी कळू लागले.

भारतात एनबीएचे सामने पहिल्यांदा झाले ते मुंबईत, ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. सॅक्रामेंटो किंग्ज, ज्याचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे, आणि इंडियाना पेसर्स हे ते दोन संघ. पहिला सामना पेसर्सने जादा वेळेत १३२-१३१ असा जिंकला आणि त्यात टी. जे. वॉरनने ३० गुण केले. हे हंगामपूर्व सराव सामने असल्याने त्या तीस गुणांची बेरीज वॉरनच्या कारकिर्दीच्या आकड्यांत होत नाही. हर्शीचा सामनाही फिलाडेल्फियाच्या बाहेर, दुसऱ्याच गावी खेळला गेला होता, पण तो साखळीचा होता म्हणून मोजला गेला.

वरळीपासून फार दूर नसलेल्या नागपाड्यात वायएमसीएच्या परंपरेतून रुजलेला बास्केटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात आहे. अशा स्थानिक स्पर्धांत सहसा भरली जाते ती आंतरराष्ट्रीय महासंघाची, म्हणजे फिबाची, स्कोअरशीट. तिच्यात एकपासून चढत जाणारे आकडे छापलेले असतात; बास्केट झाली की स्कोअरर नव्या एकूण आकड्यावर तिरकी रेघ मारतो, फ्री थ्रोला भरीव टिंब देतो, आणि बास्केट तीन गुणांची असेल तर खेळाडूच्या क्रमांकाभोवती वर्तुळ काढतो; पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल शाई, उरलेल्यांना निळी किंवा काळी. गुणांचा क्रम त्यातून तंतोतंत उभा राहतो, म्हणजे हर्शीच्या तक्त्यात नाही तेही त्यात आहे. पण रिबाउंड, असिस्ट, ब्लॉक यांना त्या कागदावर जागाच नाही. सामन्यात पंधरा रिबाउंड घेऊन दोन गुण करणारी मुलगी त्या कागदावर एका तिरक्या रेघेपुरती उरते, आणि निवड समितीसमोर जाताना तिच्याकडे दाखवायला तेवढीच रेघ असते. फिबाचे लाइव्हस्टॅट्स नावाचे सॉफ्टवेअर ही उणीव भरून काढते. त्यासाठी टेबलाशी एक लॅपटॉप आणि दोन माणसे लागतात, एक कोर्टवरची नजर न हलवता घडलेले मोठ्याने सांगणारा आणि दुसरा ऐकून टिपणारा. जिल्हा आणि आंतरशालेय स्पर्धांच्या आयोजकांनी चषक आणि मंडपाच्या खर्चाआधी या दोन खुर्च्यांची तजवीज करायला हवी.